सीईपी पहिल्यांदा घेताय? वस्तीत जाण्याआधी हे वाचा

जून उजाडला की वर्कलोडचा कागद फिरतो आणि नव्याने रुजू झालेल्याच्या नावापुढे हमखास एक ओळ असते: सीईपी, २ क्रेडिट. सीईपी म्हणजे समाज सहभाग, मुलांनी वस्तीत जाऊन करायचं काम. जुने सहकारी धीर देतात, "काही नसतं गं. एक स्वच्छता मोहीम, एक रॅली, फोटो काढायचे, फाइल करायची." मी नवी मुंबईतल्या एका पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षी मी अगदी हेच केलं. फाइल देखणी झाली. मुलं काय शिकली म्हणाल, तर जिओ-टॅगचा, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो कसा काढायचा ते.

त्यानंतर बऱ्याच चुका करून जे हाती लागलं ते इथे लिहिते. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यात काम करणाऱ्या नव्या प्राध्यापकांना यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

आधी कागद वाचा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधलं. त्यानुसार महाराष्ट्रात जी श्रेयांकांची रचना आली, तिच्यात मुख्य विषयाशी निगडित क्षेत्र प्रकल्प आणि सीईपी यांना स्वतंत्र क्रेडिट मिळाले. क्षेत्रकामाचा हिशोब साधा आहे: १ क्रेडिटला ३० तास. म्हणजे २ क्रेडिटचे ६० तास आणि मुंबई विद्यापीठाच्या पद्धतीत ५० गुण. गुणांची विभागणी विषयागणिक वेगळी असू शकते, म्हणून आपल्या अभ्यास मंडळाचा अभ्यासक्रम स्वतः उघडून वाचा. स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दुसरा गोंधळ एनएसएसचा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दी वर्षातली. वर्षाला १२० तासांचं काम आणि ७ दिवसांचं निवासी शिबिर. उत्तम योजना आहे. पण तिथे कॉमर्सचा मुलगा आणि केमिस्ट्रीची मुलगी एकच खड्डा खणतात आणि एकच रोप लावतात. सीईपीत असं चालत नाही. तिथे मुलाचा विषय कामाला यायला हवा आणि कामातून सुचलेला प्रश्न वर्गात परत यायला हवा. अमेरिकेत रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्झी यांनी १९६७ च्या सुमारास यालाच 'सर्व्हिस-लर्निंग' हे नाव दिलं. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' किंवा १९३७ ला वर्ध्यात मांडली गेलेली नई तालीम पाहिली, तर कल्पना काही परकी वाटत नाही.

डीएलएलईचे, म्हणजे विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागाच्या कामाचे, तास सीईपीत दाखवायचा मोह होईल. तो टाळा. एकच काम दोन ठिकाणी दाखवलेलं कधी ना कधी उघडं पडतंच.

जागा: दोन स्टेशनांच्या आत

पहिल्या वर्षी ठाण्याजवळच्या येऊरचे पाडे, खाडीतले फ्लेमिंगो असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाल्यापासून तर प्रत्येकालाच खारफुटीत उतरायचंय. जरा थांबा. साठ तास म्हणजे एकाच जागी निदान बारा वेळा जाणं. लेक्चर संपवून मुलं जातील, तीन तास काम करतील आणि क्लासच्या किंवा पार्टटाइम नोकरीच्या वेळेआधी घरी पोचतील, अशीच जागा हवी. कॉलेजपासून चालत किंवा ट्रान्स-हार्बर लोकलने दोन स्टेशनं, त्याच्या पलीकडे नको. दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं आणि तिथल्या वस्त्या आम्हाला एकदम जवळ आल्या. तोवर रिक्षाच्या भाड्यावरूनच निम्मा गट गळायचा.

येऊरलाच जायचं असेल तर ते राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र आहे हे लक्षात ठेवा. वन खात्याची लेखी परवानगी लागते आणि तिथलं पान-फूलही तोडून हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) आणता येत नाही. खारफुटीत काम असेल तर वन खात्याच्या कांदळवन कक्षाशी बोला.

पहिल्यांदा एकट्याने जा

हे मी पहिल्या वर्षी केलं नाही. पंचेचाळीस मुलं घेऊन सकाळी दहाला एका कोळीवाड्यात पोचले. प्रत्येकाच्या हातात बत्तीस प्रश्नांची प्रश्नावली. नेमकी ओहोटी. बायका चिखलात निवट्या-चिंबोऱ्या धरायला गेलेल्या, रात्री खाडीत गेलेले पुरुष झोपलेले. एका ओट्यावर एक म्हातारी कोळंबी सोलत बसली होती. आमच्यातल्या एका मुलीने पुढे केलेला फॉर्म तिने ओल्या हातानेच घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "गेल्या साली पण भरला होता. त्याचं काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेल्या सालचे फॉर्म आमच्याच कपाटात होते, सुतळीने बांधलेले. कोणी उघडलेही नव्हते.

तेव्हा पहिल्या दोन-तीन फेऱ्या एकट्याने मारा. कॉलेजचं ओळखपत्र पर्समध्ये राहू दे, गळ्यात नको. चहा प्या. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्ष यांना भेटा. कोणत्या गल्लीत किती वाजता पाणी येतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. आगरी-कोळी गावात असाल तर गावकीच्या किंवा मंडळाच्या लोकांना आधी सांगा, नाहीतर "कोण पाठवलं तुम्हाला?" ही चौकशी शेवटपर्यंत संपत नाही. नगरसेवकांनाही कळवा, पण त्यांच्या कार्यालयात बसून काम करू नका. बॅनर कोणाचा, हा प्रश्न निघालाच म्हणून समजा.

वेळापत्रक त्यांचं, आपलं नव्हे. त्याच कोळीवाड्यात पुढे एका काकांनी मला भरतीचा हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत थोडी उशिरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. बीएस्सीच्या मुलांना पाऊणकी येत नव्हती. ती तिथे शिकली. एपीएमसीच्या (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या) भाजी बाजारात काम असेल तर गाड्या रात्रीच लागतात आणि सकाळी दहापर्यंत माथाडी कामगार दमलेले असतात. नाक्यावरचे मजूर सकाळी आठ-नऊनंतर एक तर कामावर गेलेले असतात किंवा काम न मिळाल्याने कोणाशी बोलायच्या मनःस्थितीत नसतात.

गरज त्यांची, विषय आपला

या फेऱ्यांत एकच प्रश्न विचारायचा: "आमच्या मुलांना हे-हे येतं. तुमच्या काही कामाचं आहे का?" उत्तर "नाही" आलं तर मुकाट दुसरी जागा बघा. बऱ्याचदा उत्तर येतं, पण आपल्या मनातलं नसतं. आम्ही प्लास्टिकबद्दल बोलायला गेलो होतो. बायका पाण्याबद्दल बोलत होत्या.

आता थोडी उदाहरणं. कॉमर्सवाल्यांना नाका कामगार. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आहे, राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते, पण मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. गाडी अडते ती इथेच. ज्याचा ठेकेदार रोज बदलतो त्याने नव्वद दिवस कोणाकडून लिहून घ्यायचे? मुलांनी फॉर्म भरून देण्याआधी हा पेच समजून घेतला तरी अर्धं शिक्षण झालं. खिशात मावेल अशी हजेरीची वही, तारीख-जागा-ठेकेदार-मजुरी अशा चार रकान्यांची, आणि ती लिहायची सवय: एवढं एका सत्रात होऊ शकतं.

मराठीच्या विभागाला तर खजिनाच आहे. आगरी लग्नातले धवले म्हणणाऱ्या धवलारणी अजून गावोगाव आहेत. ध्वनिमुद्रण करा, शब्द उतरवून घ्या, पण त्या गाण्यांची प्रत आधी तिच्या घरी, मग तुमच्या ग्रंथालयात. आयटीवाल्यांनी वाशी-नेरुळच्या सोसायट्यांमधल्या ज्येष्ठांबरोबर बसावं. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. आणि पथनाट्य? कृपा करून नको. करायचंच असेल तर नाट्यशास्त्राच्या विभागाने करावं.

परवानग्या आणि पोच

कंटाळवाणं आहे, पण याच्यावाचून पुढे सरकता येत नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र, दोन प्रती. नवी मुंबईत महापालिकेचं विभाग कार्यालय, ठाण्यात प्रभाग समिती. तिथे आवक शिक्का मारून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. साहेब भेटले नाहीत तरी चालेल, आवक क्रमांक मिळाला पाहिजे. महापालिका शाळेत काम असेल तर मुख्याध्यापकांचा तोंडी होकार पुरत नाही. शिक्षण विभागाचं पत्र लागतं.

विद्यार्थ्यांकडून पालकांची संमती, आपत्कालीन फोन नंबर. आणि ज्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही ती: मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे तुम्ही आधी स्वतः पाहून या. अंगणवाडीचं, मंदिराच्या ट्रस्टचं, कोणाच्या घरचं, काहीही असो, पण ठरलेलं असू द्या. हे न पाहिल्याने आमच्या मुली एकदा सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. त्या दिवशी विषय होता पिण्याचं पाणी.

फॉर्मवर आधार क्रमांक मागू नका. जात, उत्पन्न, कर्ज हे प्रश्न खरोखर लागत नसतील तर काढून टाका. बत्तीस प्रश्नांचे आम्ही नऊ केले आणि तरी दोन जास्तच होते. लहान मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो काढायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ला जिओ-टॅग लागतो, कबूल. गल्लीचा, ड्रमचा, मुलांच्या हातातल्या परीक्षानळीचा फोटो चालतो.

साठ तासांची वाटणी

माझी वाटणी अशी: आठ तास वर्गात तयारी, छत्तीस तास वस्तीत (तीन तासांच्या बारा भेटी), दहा तास माहिती लावणं आणि लोकांना द्यायचा कागद तयार करणं, सहा तास परत जाऊन सांगणं. अठ्ठेचाळीस मुलांचे आठ गट. प्रत्येक गटाला एक गल्ली आणि त्यातली तीच दहा घरं, शेवटपर्यंत. घरं बदलली की ओळख पुन्हा शून्यावर. एका वेळी वस्तीत दोन किंवा तीनच गट. अठ्ठेचाळीस जण एकदम शिरले की मोर्चा आल्यासारखं दिसतं.

वर्गातल्या तयारीत बोलण्याचा सराव घ्या. "आम्ही जनजागृती करायला आलोय" हे वाक्य मी बाद केलंय. दारात चपला काढायच्या की नाही, पाणी दिलं तर घ्यायचं का (घ्यायचं), "सरकारकडून आलात का?" याला काय उत्तर द्यायचं, हे दोघा-दोघांनी करून बघायचं.

ड्रमपाशी

आमचं काम अखेर पाण्यावर ठरलं. वस्तीला नळाचं पाणी सकाळी तासभर येतं आणि मग दिवसभर निळ्या ड्रमातलं वापरायचं. पिण्याच्या पाण्यात मोकळं क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावं असं भारतीय मानक आहे. ते नळाला आहे का आणि ड्रमात उरतं का, एवढंच बघायचं. साधन म्हणजे ओटी टेस्ट: परीक्षानळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे काही थेंब, क्लोरीन असेल तर पिवळा रंग. रंग पहिल्या काही सेकंदांत पाहायचा आणि पट्टीशी जुळवायचा. हे रसायन अंगाला लावून घ्यायचं नाही, तपासलेलं पाणी ड्रमात किंवा मोरीत ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत जमवून कॉलेजात आणायचं. मोजे घातल्याशिवाय बाटली हातात मिळणार नाही, हा नियम.

एका घरी माझा विद्यार्थी उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. नुकत्याच आलेल्या नळाच्या पाण्यात थेंब टाकले. हळदीचं बोट बुडवावं तसा रंग आला. मग ड्रमातलं पाणी घेतलं, थेंब टाकले, नळी हलवली. काहीच नाही. घरच्या बाई हातातली लाटणी बाजूला ठेवून बघत होत्या. "म्हणजे माझं पाणी खराब?"

त्याच्या ओठांवर "हो" आलेलं मला दिसलं. पण सराव कामी आला. "खराब आहे असं यावरून सांगता येत नाही काकू. नळाच्या पाण्यात औषध आहे, ड्रमात पोचेपर्यंत ते उरत नाही, एवढंच दिसतंय." मग त्यांनीच सांगितलं: ड्रम कधी पूर्ण रिकामा होत नाही. रोज वरून भर पडते, तळाचं पाणी तसंच.

मुलांना हे नीट शिकवा. आपल्या तपासणीतून जेवढं कळतं तेवढंच बोलायचं. जंतू आहेत की नाहीत हे ओटी टेस्ट सांगत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. शंका असेल ते घर आशाताईंना कळवा आणि नागरी आरोग्य केंद्रावर सोपवा.

त्या आठवड्यात वर्गात मुलांनी मला प्रश्नांनी घेरलं. क्लोरीन जातं कुठे? ब्लीचिंग पावडरची पुडी उघडी राहिली तर तिचा दम किती कमी होतो? ब्लीचिंग पावडरमधलं उपलब्ध क्लोरीन आयोडोमेट्रीने (आयोडीनच्या अनुमापनाने) काढणं हा आमचा जुनाच प्रयोग. वर्षानुवर्षं मुलं तो ब्युरेटचं रीडिंग शेजाऱ्याकडून घेऊन उरकायची. या वेळी एकीने वस्तीतल्या दुकानातून उघडी पुडी आणली, दुसऱ्याने सीलबंद, आणि दोन्हींची तुलना झाली. माझ्या लेखी सीईपी ज्या दिवशी सुरू झालं तो हा दिवस. सत्राचा सातवा आठवडा होता.

डायरी, पण खरी

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी पानभर लिहायचं: काय पाहिलं, त्याचा माझ्या विषयाशी काय संबंध, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या डायरीत सारखंच असतं, "आज आम्हाला समाजाची सेवा करण्याची संधी मिळाली." त्यावर मी लाल शाईने फक्त विचारते, "कोणत्या घरात? किती वाजता?" तिसऱ्या आठवड्यात असं येऊ लागतं: "गल्लीच्या टोकाच्या घरी पिवळा रंग फिका आला. पाइप गटाराला लागून जातो. मी खाली वाकून बघितलं, पण आजी रागावल्या. विचारून बघायला हवं होतं." हे दुसरं पान म्हणजे शिक्षण. भाषेच्या चुका दिसल्या तर डोळेझाक करा. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्याला ज्यात लिहावंसं वाटेल त्यात लिहू द्या.

विभागणी आपल्या हातात असेल तर निम्मे गुण डायरीला ठेवा आणि अहवालाला कमीत कमी. अहवाल हल्ली काय, कोणतंही यंत्र लिहून देतं.

परत जाणं

सगळ्यात जास्त गळती इथे होते, कारण तोवर परीक्षा डोक्यावर आलेली असते. म्हणून तारीख सत्राच्या सुरुवातीलाच ठरवून वस्तीला सांगून ठेवा. बायकांना सोयीची वेळ आमच्याकडे रविवारी दुपारी चारची निघाली. एक पान, मोठी अक्षरं, मराठी आणि हिंदीत. घरांची नावं-नंबर नाहीत, फक्त गल्लीचं चित्र. प्रोजेक्टर नको, भाषण नको, पाहुणे नकोत. प्राचार्यांना बोलवायचंच असेल तर सतरंजीवर बसायची त्यांची तयारी आहे का ते आधी पाहा.

आमच्या पानावर ठळक लिहिलं होतं: आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण रिकामा करून घासा, झाकण ठेवा, लांब दांड्याचं ओगराळं वापरा. वाचून होताच मागून आवाज आला, "रिकामा करू? आणि दुसऱ्या दिवशी पाणी नाही आलं तर तुम्ही आणून द्याल?"

सभा शांत. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मीही गप्पच होते. मग बायकाच आपसात बोलू लागल्या. एक मोठा ड्रम ठेवण्याऐवजी दोन लहान ठेवायचे, एक संपवून घासायचा तोवर दुसरा चालू. जागा कोणाकडे आहे, कोणाकडे नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी निदान पिण्याचं पाणी कळशीत वेगळं काढावं, तेही नळ चालू असतानाच. मुलांनी तिथल्या तिथे पानावर काट मारून हे लिहून घेतलं. सुधारलेलं पान पुढच्या आठवड्यात अंगणवाडीच्या दाराला लागलं. किती घरांनी ते पाळलं? पुढच्या बॅचने पाहिलं तेव्हा काही घरी दोन ड्रम होते, बऱ्याच घरी एकच.

मूळ फॉर्म, डायऱ्या, गल्लीचा नकाशा आणि कोणाला काय कबूल केलं होतं त्याची यादी एका पिशवीत घालून विभागात ठेवा आणि पुढे सीईपी ज्यांच्याकडे जाईल त्यांच्या हातात द्या. शक्य असेल तर त्यांना घेऊन वस्तीत एकदा जाऊन या, नवी मुलं यायच्या आत. ओटीचं द्रावण गडद बाटलीत, बंद कपाटात. उजेडात राहिलं की ते बिघडतं, आणि जूनमध्ये स्टोअरमध्ये नवीन मागणी मंजूर व्हायला किती दिवस लागतात ते तुम्हाला पहिल्याच वर्षी कळेल.